फ्रीकॅडमध्ये पेरणीयंत्राच्या प्लेटीच्या खाचा ओळखता येतात का? वापरून पाहिलं, हे घ्या

राजेहो, फ्रीकॅड या थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरचे जे काही रिव्ह्यू दिसतात त्यात सगळे शून्यापासून एखादा ब्रॅकेट काढून दाखवतात, पॅड मारला (जाडी दिली), पॉकेट मारला (खड्डा काढला), फिलेट दिला (कड गोल केली), झालं. आमच्यासारख्या वर्कशॉपवाल्याचं काम तसं नसतंच ना. आमच्याकडे फाईल तयार येते, कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेप फाईल (थ्रीडी मॉडेलची फाईल) टाकतो आणि खाली लिहितो "भाऊ यात सोयाबीनची प्लेट हाय, मले हरभऱ्याची करून द्या". आता त्या फाईलीत प्लेट दिसते, खाचाही दिसतात डोळ्याला, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती खाच नाहीच, तो नुसता एक गोळा आहे. म्हणून हा रिव्ह्यू त्या एकाच कामाचा आहे, आलेल्या मॉडेलमधून आपल्या कामाचे आकार ओळखून काढणं. बाकी रेंडरिंग, अ‍ॅनिमेशन वगैरे मी वापरलेलं नाही, त्यावर बोलत नाही.

आमचं वर्कशॉप दारव्हा-दिग्रस पट्ट्यात, शेती अवजारांचं. पेरणीयंत्र, बीबीएफ (रुंद वरंबा-सरीचं यंत्र), डवरे, रोटाव्हेटरची दुरुस्ती, आणि मृगाच्या आधी महिनाभर नुसत्या बियाण्याच्या प्लेटी. इन्क्लाइन्ड प्लेटवालं पेरणीयंत्र ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे, पेटीत तिरपी चकती फिरते, कडेला खाचा असतात, एका खाचेत एक दाणा उचलून वर नेते आणि नळीत टाकते. कडेची खाच बिघडली की सगळं बिघडलं. हिशोब सोपा आहे, जमिनीवरचं चाक ४० सेंमी व्यासाचं धरलं तर एका फेऱ्याला साधारण १२५.६ सेंमी चालतं, चेनचं प्रमाण एकास एक असेल आणि प्लेटीला २४ खाचा असतील तर दोन दाण्यांत सव्वापाच सेंमी अंतर पडतं, म्हणजे सोयाबीनच्या ४५ बाय ५ च्या शिफारशीला जवळपास बरोबर. एक खाच बुजली किंवा ड्रॉइंगमध्येच राहून गेली तर प्रत्येक फेऱ्याला तिथं साडेदहा सेंमीची गॅप. आणि खाच मोठी झाली की दोन-दोन दाणे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "दाणे डब्बल पडू रायले भाऊ, प्लेट पाहा बरं". म्हणून खाच किती, कुठं, केवढी, हे फाईलीतूनच कळलं पाहिजे, कापून झाल्यावर कळून काय फायदा.

आता स्टेप फाईल म्हणजे काय ते एकदा पाहूनच घ्या. नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्याच ओळीत आयएसओ-१०३०३-२१ लिहिलेलं दिसेल, मग हजारो ओळी, प्रत्येकीच्या पुढं हॅश आणि नंबर. त्यात एखादी ओळ सिलिंड्रिकल सरफेस अशी असते, कंसात आधी रिकामं नाव, मग अक्ष कुठला त्याचा नंबर, आणि शेवटी त्रिज्या. बस. हे भोक आहे, की खाच आहे, की बॉस (बाहेर आलेला गोल उंचवटा) आहे, की शाफ्टची बाजू आहे, यातलं काही म्हणजे काही लिहिलेलं नसतं. ज्यानं मूळ मॉडेल काढलं त्याच्या झाडात, म्हणजे कोणत्या क्रमानं काय काढलं त्या यादीत, 'कट', 'सर्क्युलर पॅटर्न २४' असं सगळं होतं, पण नेहमीच्या स्टेपमध्ये ते झाड येत नाही, फक्त पृष्ठभाग, कडा आणि कोपरे येतात. जेवण झाल्यावर नुसतं ताट पाहून आचाऱ्यानं काय-काय टाकलं ते ओळखायचं, तसं काम आहे हे.

यासाठी पैशाची सॉफ्टवेअरं आहेत. एकाचा डेमो घेतला होता, नाव घेत नाही. खरं सांगायचं तर भोक, स्लॉट (लांबट चर), पॉकेट, फिलेट, चॅम्फर (तिरपी कापलेली कड) हे त्यानं पटापट ओळखलं, बेअरिंग हाउसिंगची फाईल टाकली तर काउंटरबोअरसकट सगळं झाड उभं करून दिलं, मानलं. पण प्लेट टाकली आणि गाडी अडली. खाच ही भोक नाही कारण गोल पूर्ण होत नाही, पॉकेट नाही कारण एक बाजू कडेला उघडी, स्लॉट म्हणावा तर दोन समोरासमोरच्या सपाट भिंती नाहीत. काही खाचा त्यानं स्लॉट म्हणून घेतल्या, काही तशाच सोडून दिल्या. माझा पुतण्या यवतमाळला पॉलिटेक्निकला आहे, तो बाजूला बसून हसत होता, "काका, याले आपली खाच माहीतच नाही". सपोर्टवाल्याला विचारलं की आमचा आकार यात शिकवता येतो का, तर म्हणे तो वरचा पॅक घ्या. वरच्या पॅकची किंमत ऐकल्यावर चहा सांगितला आणि विषय बदलला.

यात त्या सॉफ्टवेअरचा एकट्याचा दोष नाही. हा प्रश्न जुनाच आहे, १९८८ मध्ये जोशी आणि चँग या दोघांनी पृष्ठभागांचा नकाशा करायची पद्धत मांडली, प्रत्येक पृष्ठभाग म्हणजे एक ठिपका, दोन पृष्ठभाग जिथं भेटतात ती कड म्हणजे रेघ, आणि रेघेवर खूण की ती कड आत दबलेली आहे की बाहेर आलेली. मग स्लॉट म्हणजे मधला तळ आणि त्याला आत दबलेल्या कडांनी चिकटलेल्या दोन भिंती, एवढा छोटा नकाशा मोठ्या नकाशात शोधायचा. अलीकडं न्यूरल नेटवर्कवालेही आले, २०१८ चं फीचरनेट हे २४ प्रकारचे मशिनिंग आकार ओळखायला शिकवलेलं होतं. पण त्या २४ मध्ये सोयाबीनची खाच कुठून असणार. जे शिकवलं तेच ओळखणार. आपला आकार आपल्यालाच सांगावा लागतो, आणि तो सांगायची जागा सॉफ्टवेअरमध्ये उघडी पाहिजे, माझ्या मते सगळा मुद्दा इथंच आहे.

आणि इथं फ्रीकॅड कामाचं निघालं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००२ पासून चालू आहे, १.० व्हर्जन २०२४ च्या नोव्हेंबरात आलं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आधीच सांगून ठेवतो, त्यात 'सगळे फीचर ओळखा' असं एकच जादूचं बटण नाही. ज्याला फक्त बटण पाहिजे त्यानं इथंच वाचणं थांबवावं. पण व्ह्यू मेनूत पॅनलमध्ये पायथन कन्सोल आहे, आणि तिथून मॉडेलच्या प्रत्येक पृष्ठभागाला प्रश्न विचारता येतो. तू सपाट आहेस का, सिलिंडर आहेस का, शंकू (कोन) आहेस का? सिलिंडर असशील तर त्रिज्या किती, अक्ष कुठला? तुझा मध्य कुठं, क्षेत्रफळ किती? शेजारी कोण? ही सगळी उत्तरं ते सरळ देतं, कुठं पैसे मागत नाही की लपवत नाही.

मग आम्ही खाचेची व्याख्या केली, आपल्या भाषेत, कागदावर. एक, पृष्ठभाग सिलिंडरचा पाहिजे आणि त्याचा अक्ष प्लेटीच्या अक्षाला समांतर पाहिजे. दुसरं, त्रिज्या साधारण ३ ते ६ मिमीच्या मधली, सोयाबीन-हरभऱ्याला आम्हाला एवढी पुरते. तिसरं, तो गोल पूर्ण नसावा. हे पाहायला फ्रीकॅडमध्ये पृष्ठभागाची पॅरामीटर रेंज मिळते, सिलिंडरला त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे कोन, रेडियनमध्ये, त्यांची वजाबाकी ६.२८ आली तर पूर्ण भोक आणि ३.१४ आली तर अर्धा गोल. चौथं, तो आत दबलेला पाहिजे, म्हणजे मधल्या बिंदूवर नॉर्मल (पृष्ठभागातून काटकोनात बाहेर निघणारी दिशा) काढायचा, तो स्वतःच्या अक्षाकडे पाहत असेल तर पोकळी, अक्षापासून लांब पाहत असेल तर बाहेर आलेला बॉस. आणि पाचवं, त्याचा मध्य प्लेटीच्या बाहेरच्या कडेच्या जवळ पाहिजे आणि कडेच्या पृष्ठभागाशी त्याची कड जुळलेली पाहिजे. या पाच अटीत जे बसलं ती खाच. या अटी पायथनच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे मॅक्रोत, लिहिल्या. ओळखलेल्या खाचा लाल रंगात, बाकी प्लेट राखाडी. पहिल्यांदा कडेनं लाल खाचांची माळ दिसली तेव्हा पुतण्या म्हणे "काका हे तर कुंकू लावल्यासारखं दिसू रायलं". मी म्हटलं आधी मोज.

मोजणीचं तर विचारूच नका, खरी मजा तिथंच आहे. प्रत्येक खाचेचा प्लेटीच्या मध्यापासून कोन काढायचा, क्रमानं लावायचे, शेजारच्या दोघांतला फरक पाहायचा. २४ खाचांना सगळे फरक १५ अंश आले पाहिजेत. एका फाईलीत एका ठिकाणी ३० आला. डोळ्यानं आम्ही सगळ्यांनी ती फाईल पाहिली होती, कोणाला दिसलं नव्हतं, कारण तिथं खाच होती, पण तिची त्रिज्या बाकीच्यांपेक्षा वेगळी आणि आमच्या अटीच्या बाहेर होती, कोणीतरी मधल्या मधी हातानं एक खाच ओढून मोठी करून ठेवली होती. तशीच अकोल्याच्या एमआयडीसीत कापायला गेली असती तर प्रत्येक फेऱ्याला एक जागी डब्बल दाणा, आणि जुलैत गिऱ्हाईक दारात.

आता भानगडी सांगतो, कारण त्या कोणी सांगत नाही. सगळ्यात मोठी म्हणजे काही सॉफ्टवेअरं स्टेप काढताना पूर्ण गोल भोकाचे दोन अर्धे सिलिंडर करून पाठवतात. म्हणजे बोल्टचं साधं भोक, पण फाईलीत ते ३.१४ आणि ३.१४ असे दोन तुकडे. फक्त कोनावर विसंबलं तर बोल्टची भोकंही खाचा म्हणून मोजल्या जातात, एका भोकाच्या दोन खाचा! त्यामुळं मोजायच्या आधी एकच अक्ष आणि एकच त्रिज्या असलेले, एकमेकांना चिकटलेले तुकडे एकत्र धरायचे आणि त्यांचे कोन बेरीज करायचे. पार्ट वर्कबेंचमध्ये 'रिफाइन शेप' आहे, तो बऱ्याचदा असे तुकडे जोडून देतो, आधी तो मारून पाहा.

दुसरी भानगड साच्यातल्या प्लास्टिकच्या प्लेटीची. साच्यातून सुटायला भिंतीला ड्राफ्ट (थोडा उतार) दिलेला असतो, एखाद-दोन अंश. मग ती भिंत सिलिंडर राहतच नाही, फ्रीकॅड तिला शंकू म्हणतं आणि आपला मॅक्रो म्हणतो खाचा शून्य. तिथं अट सैल करायची, की शंकू असला आणि त्याचा अर्धकोन अगदी कमी असला तर तो सिलिंडरच समज. आणि तिसरी, कधीकधी साधा गोल पृष्ठभागसुद्धा बी-स्प्लाइन (बिंदूंवरून बसवलेला मोकळा वक्र पृष्ठभाग) म्हणून येतो. त्याला त्रिज्या विचारली तर त्याच्याकडं उत्तरच नसतं. अशा वेळी पृष्ठभागावरचे काही बिंदू घेऊन त्यातून वर्तुळ बसतंय का ते आपणच तपासायचं. होतं, पण कटकट आहे, आणि टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) किती धरायचा हा वाद आमच्याकडे अजून मिटला नाही. मी ०.०५ मिमी म्हणतो, पुतण्या ०.०१ वर अडून बसला आहे. लेझरवाल्याला विचारा म्हणजे कळेल कोण बरोबर ते.

चौथी गोष्ट जिथं फ्रीकॅड काय, कोणीच सहज पुरं पडत नाही. दोन आकार एकमेकांत घुसले की. प्लेट हलकी करायला काढलेली लांबट खिडकी जर खाचेपर्यंत येऊन टेकली तर खाचेची भिंत दोन ठिकाणी तुटते, शेजार बदलतो, नकाशा मोडतो. १९८८ च्या त्या पद्धतीचीही हीच दुखरी नस. आम्ही त्यावर सोपा मार्ग काढला, शेजाराची अट काढून टाकायची आणि फक्त अक्ष, त्रिज्या, जागा यावर ओळखायचं, आणि अशा खाचा लाल न करता पिवळ्या करायच्या, म्हणजे माणूस जाऊन डोळ्यानं पाहील. सगळं मशीनवर सोडायची हौस आम्हाला नाही.

मॅक्रो लिहिताना एक गोष्ट पक्की धरा, पृष्ठभागाचा नंबर कधीही लिहून ठेवू नका. माउस नेला की खाली फेस१२ असं दिसतं आणि मोह होतो की चला फेस१२ म्हणजे आपली खाच. मॉडेलमध्ये जरा काही बदललं की तोच फेस१७ होतो. १.० मध्ये हे नंबर बदलण्याचं दुखणं बरंच कमी केलं आहे, तरी बाहेरून आलेल्या फाईलीच्या बाबतीत प्रत्येक नवी फाईल म्हणजे नवे नंबर. आकाराच्या गुणांवर ओळखा, नंबरवर नको. आणि आजकाल पोरं एआयला विचारून मॅक्रो लिहून घेतात, घ्या, हरकत नाही, पण तो मधूनच नसलेली फंक्शनं दडपून लिहितो आणि कन्सोल लाल होतो. छोट्या तुकड्यात चालवून पाहायचं, आधी फक्त सिलिंडर किती ते मोज, मग त्रिज्या छाप, मग पुढं.

ओळखल्यावर पुढं काय? तर डीफीचरिंग. पार्ट वर्कबेंचमध्ये हे टूल आहे, पृष्ठभाग निवडायचे आणि ते पुसून शेजारचे पृष्ठभाग वाढवून जागा बंद करतं. हातानं २४ खाचांचे सगळे तुकडे निवडायचे म्हटलं तर संध्याकाळ होईल, पण मॅक्रोनं ओळखलेलीच यादी डीफीचरिंगला दिली की सोयाबीनची प्लेट कोरी होऊन समोर येते, आणि मग त्यावर हरभऱ्याच्या खाचा पाहिजे तेवढ्या, पाहिजे तशा. खाचेच्या तोंडाला फिलेट असेल तर आधी फिलेट पुसा, मग खाच, उलटं केलं तर कधीकधी भूमिती अडकते. झालं की 'चेक जॉमेट्री' (मॉडेलच्या भूमितीत चूक राहिली का ते तपासणारं टूल) मारायचंच, न मारता फाईल बाहेर पाठवायची नाही, हा आमच्या वर्कशॉपचा नियम.

हेच जरा बदलून फ्ल्यूटेड रोलरलाही लावलं, जुन्या पेरणीयंत्रात असतो तो लांब पन्हाळीवाला. सरळ पन्हाळी असतील तर खाचेच्या जागी पन्हाळ, बाकी अटी त्याच, छान ओळखतं आणि पन्हाळींची संख्याही बरोबर देतं. दालमिलच्या हबची चावीची खाच मात्र मी मॅक्रोनं शोधायच्या फंदात पडलो नाही, ती एकच असते, डोळ्याला दिसते, कशाला उगाच.

लॅपटॉपचं विचाराल तर ४ जीबी रॅमवर उघडतं पण मोठी असेंब्ली टाकली की पंखा असा ओरडतो की बाजूचा वेल्डर विचारतो काय झालं. ८ जीबीवर प्लेटीसारखी कामं आरामात होतात. इंटरनेट लागत नाही हा आमच्या भागात मोठाच गुण, लाइन गेली तरी बॅटरीवर काम चालू. नवख्याला पडदा गोंधळाचा वाटतो हे खरं आहे, वर्कबेंच बदलत बसावं लागतं, पार्ट आणि पार्ट डिझाइन यातला फरक कळायला वेळ जातो. आणि पायथन बिलकुल येत नसेल तर हे काम तुमचं नाही, घरात एखादं शिकणारं पोरगं असेल तर त्याला धरा.

एक अवांतर, कारण विचारणारे बरेच आहेत. नमुन्याची प्लेट थ्रीडी प्रिंट करून पाहायची असेल तर पीएलए या प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये काढून टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, शेडमध्ये आणि बंद गाडीत त्याहून जास्त, आणि पीएलए साठीच्या आसपास नरम पडतं. प्लेट वाकडी झाली आणि खाचेचा आकार बदलला मग मॅक्रोला शिव्या देऊन काय उपयोग. पीईटीजी वापरा.

गुण द्यायचेच तर या कामापुरते पाचपैकी चार. एक गुण कापला तो खाच ओळखायची सोय तयार न देता कच्चा माल हातात देतो म्हणून, आणि तोच कच्चा माल उघडा आहे म्हणून बाकीचे चार दिले. ज्यांचं सगळं काम भोक-स्लॉट-पॉकेटचं आहे, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) रोजचे जॉब आहेत, त्यांना पैशाचं सॉफ्टवेअर परवडत असेल तर तेच बरं, वेळ वाचतो. पण ज्यांच्याकडे प्लेटी, रोलर, फण असल्या पुस्तकात नसलेल्या आकारांचं काम येतं त्यांनी फ्रीकॅड घालून पाहावं.

तिरप्या पीळवाल्या पन्हाळीच्या रोलरवर मात्र आमचा मॅक्रो अजून चालत नाही, तिथं पृष्ठभाग सगळा बी-स्प्लाइन येतो आणि अक्षाला समांतर ही अटच लागू होत नाही. कोणाकडे तसल्या रोलरची चांगली फाईल असेल तर पाठवा, बसून पाहू. फक्त स्टेप पाठवा भाऊ, एसटीएल नको, एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात, त्यात सिलिंडर कुठं शोधत बसू.